वरून हिरवं

आमच्या ऑफिसात एका शब्दाला बंदी होती. तो शब्द म्हणजे ‘समाधानकारक’. पिकांची स्थिती समाधानकारक, पाऊसमान समाधानकारक, पेरण्यांची प्रगती समाधानकारक, असं लिहायची कागदांना फार जुनी सवय. मी नोकरीला लागलो आणि पहिल्याच अहवालाचा मसुदा अक्कांपुढे ठेवला. त्यात हा शब्द जागोजागी होता. अक्कांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “कुणाचं?”

“काय कुणाचं?”

“समाधान. कुणाचं झालं? त्याचं नाव लिही, गाव लिही. मग मी सही करते.”

मला नाव लिहिता आलं नाही. मग तो शब्द खोडून ‘कापूस गुडघ्याएवढा, पाते-कळ्या लागल्यात, पाण्याची वाट पाहतोय’ असं लिहिलं. अक्कांनी ते वाचलं, सही केली, आणि वर म्हणाल्या, “आता कसं, कोणीतरी वावरात जाऊन आल्यासारखं वाटतं.”

ऑफिस धुळ्यात आग्रा रोडला, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानावर. खाली दिवसभर टायर ठोकल्याचा आवाज, वर आम्ही देशाच्या शेतीची नाडी बघत बसलेलो. काम सांगायला सोपं. सगळा देश शेतीच्या पट्ट्यांमध्ये वाटलेला. दर पंधरवड्याला प्रत्येक पट्ट्याने आपल्याकडच्या पिकांची तब्येत वर कळवायची. पाऊस कसा, ऊन कसं, पेरलेलं उगवलं का, उगवलेलं तगलं का. उपग्रहाची चित्रं यायची, त्यावरून मी नकाशा करायचो आणि त्यात रंग भरायचो. हिरवा म्हणजे पीक चांगलं, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे अडचणीत, लाल म्हणजे गेलं. सगळ्यांचे नकाशे दिल्लीत जोडले की देशाचा एक मोठा नकाशा तयार होई, आणि तो समोर ठेवून कुठे बियाणं पाठवायचं, कुठे चारा आणि कुठे काहीच नाही, हे ठरे. आमच्या वाट्याला तापीचं खोरं आणि सातपुड्याचा पायथा. अक्का या ऑफिसच्या प्रमुख. दाराबाहेरच्या पाटीवर त्यांच्या नावापुढे पदव्यांची रांग होती, पण ती पाटी कोणी वाचल्याचं मला आठवत नाही. खालच्या टायरवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत.

अक्का बोदवडकडच्या. कापूस-केळीवाल्या घरात वाढलेल्या. ऑफिसात त्या स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या, पण राग आला किंवा फार आनंद झाला की बोली थेट माहेरी जायची. “काय सांगून राह्यला तू मले?” असं त्यांच्या तोंडून आलं की आम्ही खुर्च्या सरळ करून बसायचो. अंगावर सुती पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, आणि शेतात जायचं असलं की पातळावरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया घालतात तसाच. एकदा एका तालुक्याच्या बैठकीला त्या तशाच गेल्या. दारावरच्या माणसाने त्यांना मागच्या बाजूला, मजूर बसले होते तिकडे बसवलं. अक्का बसल्या. तिथे गप्पा इतक्या रंगल्या की व्यासपीठावरून त्यांचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी हात वर करून सांगितलं, “आत्ता नको, इथे मुद्द्याचं चाललंय.”

उपग्रहाला त्या ‘नणंद’ म्हणायच्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “वरून सगळं बघते, अर्धं समजतं, आणि पुरं सांगते. नणंद नाही तर काय?” पावसाळ्यात ढगांमुळे चित्रं आली नाहीत की, “आज नणंदबाई रुसल्या.” चित्रं आली की खुर्ची ओढून घेत म्हणायच्या, “चला, बघू काय चहाडी केली.” या थट्टेमुळे कुणाला वाटावं की त्यांना यंत्राचं वावडं होतं. तसं मुळीच नव्हतं. त्या चित्रांतलं त्यांना जेवढं कळायचं तेवढं मला आजही कळत नाही. फक्त चित्र बघून झाल्यावर त्या उठायच्या आणि म्हणायच्या, “नानाला गाडी काढायला सांग.”

नाना म्हणजे आमचे ड्रायव्हर. अक्कांपेक्षा वयाने थोडे मोठे, धुळे तालुक्यातलेच, आणि स्वभावाने असे की जगातली कुठलीही गोष्ट त्यांना ‘एक नंबर’ वाटायची. रस्ता खड्ड्यांनी भरलेला असला तरी एक नंबर. चहा पाणचट असला तरी एक नंबर. गाडीच्या काचेतून बाहेर बघत ते आपणहून निकाल द्यायचे, “अक्का, औंदा कपाशी एक नंबर शे.” अक्का मागच्या सीटवरून म्हणायच्या, “नाना, तुम्ही आणि उपग्रह, दोघंही कधी खाली उतरत नाही. म्हणून तुम्हाला सगळं छान दिसतं.” नानांना याचा राग येत नसे. उपग्रहाशी आपली बरोबरी झाली, याचं त्यांना कौतुकच वाटायचं. घरीही त्यांनी ते सांगितलं होतं.

शेतात अक्कांबरोबर नेहमी एक काळी मोठी छत्री असायची. पावसासाठी नव्हे. कपाशीच्या झाडाखाली ती उलटी उघडून धरायची आणि झाड गदगदा हलवायचं. मावा, तुडतुडे, अळ्या, जे काय असेल ते छत्रीत पडायचं, आणि अक्का पाटल्या बघाव्यात तशा निरखून ते बघत बसायच्या. मग छत्री झटकून मिटायची. झटकणं त्यांच्या मते पुरेसं असायचं. एकदा धुळ्याच्या स्टँडवर अचानक सर आली तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने शेजारच्या बाईंना छत्रीत घेतलं. त्या बाईंच्या अंबाड्यावर काय काय पडलं ते मी इथे सांगत नाही. बाई पावसात भिजत दुसऱ्या फलाटावर गेल्या, एवढं मात्र मी पाहिलं.

अक्कांचे यजमान दीपनगरला, वीज केंद्रात इंजिनिअर. ते तिथल्या क्वार्टरमध्ये, अक्का धुळ्यात देवपूरला भाड्याच्या खोलीत, आणि शनिवारी-रविवारी एसटीने येणं-जाणं. या प्रवासातही त्यांचं एक शास्त्र होतं. जाताना डावीकडची खिडकी, येतानाही डावीकडची. म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं बघून होतात. डावीकडची खिडकी मिळाली नाही तर त्या गाडी सोडून द्यायच्या. रोज संध्याकाळी नवऱ्याला फोन करायच्या आणि विचारायच्या, “आज रंग कोणता?” यजमानांना रक्तदाबाचा त्रास होता. ते बिचारे म्हणायचे, “हिरवा.” त्यावर अक्का, “जवळून कोणी बघितलं? शेजारच्या वहिनींना फोन दे.”

पण मला सगळ्यात गंमत वाटायची ती त्यांच्या सकाळच्या फोनांची. भिंतीवर देशाचा मोठा नकाशा होता. त्याच्याकडे तोंड करून बसायच्या आणि दूरदूरच्या पट्ट्यांतल्या आपल्यासारख्याच माणसांना फोन लावायच्या, जणू दिलेल्या मुलींची खुशाली विचारतायत. “तुमच्या भाताचं काय? अजून रोपातच? बाप रे. आणि तूर?” तेलंगणात कापसाचा पट्टा सांभाळणारे एक गृहस्थ होते. दोघं प्रत्यक्षात कधी भेटले नव्हते, पण बोंडअळीवरून त्यांचं वर्षानुवर्षं भांडण चाललेलं. अळी तुमच्याकडून आमच्याकडे आली की आमच्याकडून तुमच्याकडे, हा मुद्दा. दोघांचंही हिंदी यथातथा असल्यामुळे भांडण कधी हाताबाहेर गेलं नाही. मधेच दोघंही शब्द शोधायला थांबायचे, तोवर राग उतरायचा.

अशा या बाईंनी एक चूक केली, आणि ती मोठी होती. मला त्या खऱ्या कळल्या त्या तेव्हा.

त्या वर्षी पायथ्याच्या गावांत पेरण्या वेळेवर झाल्या होत्या. सातपुड्याच्या कुशीतली ही गावं. पाटाचं पाणी नाही, विहिरी थोड्या. जे काय पिकायचं ते वरच्या पाण्यावर. ज्वारी, मका, थोडी कपाशी. बाकी जंगलातला मोह, डिंक, आणि मजुरी. पीक उगवून वर आलं आणि पाऊस गायब झाला. आठवड्यांमागून आठवडे नुसतं ऊन आणि वारा. आम्ही पायथा पिवळा केला, मग नारिंगी. अक्कांचं दोनदा जाऊन येणं झालं होतं. मग पोळ्याच्या सुमाराला पाऊस परत आला, तोही असा की नदीवरची फरशी, म्हणजे तो ठेंगणा पूल, पाण्याखाली गेली आणि तिकडचा रस्ताच बंद झाला. ढग हटल्यावर जे चित्र आलं त्यात पायथा हिरवागार होता.

“पीक सावरलं,” मी म्हणालो. मला खरोखर आनंद झाला होता.

अक्का बराच वेळ चित्राकडे बघत होत्या. “नाना, फरशीवरून जाता येईल?”

“नही अक्का. पानी शे अजून.” नाना जेव्हा एखादी गोष्ट एक नंबर म्हणत नाहीत तेव्हा ती खरोखरच अवघड असते.

अहवाल त्या दिवशी जायचा होता. दिल्लीहून दोनदा फोन येऊन गेला होता. नदीच्या अलीकडे रस्त्याला लागून असलेली एक-दोन शेतं आम्ही पाहिली, ती बरी होती. अक्कांनी सही केली. न बघितलेल्या हिरव्यावर त्यांनी सही केल्याचं मी तरी तेव्हाच पाहिलं.

पुढच्या आठवड्यात दुपारी त्या डबा खायला बसल्या होत्या. कळण्याची भाकरी आणि ठेचा, डबा कॉम्प्युटरच्या शेजारी. खाता खाता मला म्हणाल्या, “तो पायथा जरा मोठा करून दाखव. आणि शेजारी मागच्या वर्षीचा ठेव. याच दिवसांतला.”

मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. अक्कांनी घास हातातच ठेवला.

“मागच्या वर्षीचं बघ. हे वावर वेगळं, ते वेगळं. इथे ज्वारी, इथे कपाशी, मधे बांध. आणि हे?”

यंदाचं चित्र एखादी चादर पसरावी तसं एकाच रंगाचं होतं.

“एका घरातले दोन भाऊ एकाच दिवशी पेरत नाहीत,” अक्का म्हणाल्या. “आणि इथे अख्ख्या गावाचं एकाच दिवशी उगवलंय? बांधासकट?” त्यांनी भाकरी डब्यात परत ठेवली. “हे पीक नाही रे. काय पाह्यलं मी? काय पाह्यलं?”

बोली माहेरी गेली होती. नाना गाडी काढायला उठले.

फरशीवरचं पाणी आता ओसरलं होतं. पायथ्याच्या पहिल्याच गावात शिरलो तर निम्म्या घरांना कुलपं. अंगणात कोंबड्यासुद्धा नाहीत. गावाबाहेरच्या एका वावरात एक म्हातारी विळ्याने गवत कापत होती. शेजारी दोन शेळ्या. सगळीकडे कमरेएवढं हिरवं, डोळ्यांना थंड वाटावं असं. नाना काचेतून बघत सवयीने म्हणाले, “एक नंबर,” आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं असावं. त्यांनी गाडी बंद केली आणि आमच्याबरोबर खाली उतरले. गाडीत न बसता शेतात उभे असलेले नाना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

“आजी, हे वावर कुणाचं?” अक्कांनी विचारलं.

“मनंच शे.”

“काय पेरलं होतं?”

“कपाशी. आन थोडी ज्वारी.” म्हातारीने विळा थांबवला नाही. “ती जयी गयी उन्हामा. मंग पानी उना, आन हाई उगनं. बठ्ठं, सगळंच गवत शे.”

“घरातले कुठे गेले?”

“गुजरातमा. मजुरीले.” ती उभी राहिली आणि अक्कांच्या शर्टाकडे, बुटांकडे, छत्रीकडे बघून विचारलं, “तू कोन शे?”

“मी पिकं बघायला येते.”

म्हातारी हसली. त्यात टोमणा नव्हता, खरंच तिला मजा वाटली होती. “मंग देख. हिरवं तं शे. पन खावाले काय शे? शेळीले विचार.”

अक्का वावराच्या मध्यापर्यंत चालत गेल्या. गवत बाजूला करत करत त्यांना कपाशीचं एक झाड सापडलं. वीतभर, पानं तांबूस, वाळलेलं पातं एखादंच. त्यांनी सवयीने छत्री उलटी उघडली, झाडाखाली धरली आणि झाड हलवलं. छत्रीत काहीच पडलं नाही. त्या तशाच वाकून बघत राहिल्या. “किडेसुद्धा सोडून गेले,” एवढंच म्हणाल्या.

परतताना शिरपूरला हायवेवर चहाच्या टपरीपाशी थांबलो. अक्कांनी तिथूनच दिल्लीला फोन लावला. आमचे वरचे साहेब तसे सज्जन होते. त्यांचं म्हणणं पडलं की यात एवढं अस्वस्थ होण्यासारखं काय आहे, पुढच्या पंधरवड्यात रंग बदला, कोणाच्या लक्षातही येणार नाही.

“पुढच्या पंधरवड्यात बियाण्याची बैठक होऊन गेलेली असेल,” अक्का म्हणाल्या. “रब्बीचं बियाणं नारिंगी आणि लाल भागांना जाणार. पायथा हिरवा आहे. त्याला कोण देणार?”

साहेब म्हणाले की छापून गेलेला नकाशा असा मागे घेता येत नाही. तशी पद्धत नाही.

“मग मी परवाच्या बैठकीत सांगते,” अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला. टपरीवाल्याने विचारलं, अजून एक चहा देऊ का. अक्कांनी घेतला. तो त्यांनी प्यायला नाही, हातात धरून बसल्या.

ती बैठक पडद्यावरची असायची. देशभरातल्या सगळ्या पट्ट्यांची माणसं छोट्या छोट्या चौकटींत दिसायची. आवाज बंद करायच्या बटणावर अक्कांचा विश्वास नव्हता. बोलायचं नसलं की त्या लॅपटॉपच्या माईकवर अंगठा दाबून बसायच्या. त्या दिवशीही बसल्या होत्या. एकेका पट्ट्याची पाळी येत होती, सगळ्यांचं ठीक चाललं होतं. आमचं नाव आलं. अक्कांनी अंगठा काढला.

“मागच्या अहवालात मी सातपुड्याचा पायथा हिरवा दाखवला,” त्या हिंदीत म्हणाल्या. नेहमीसारखे शब्द शोधावे लागत होते, पण त्या थांबत नव्हत्या. “तो हिरवा नाही. तिथलं पीक गेलं. दिसतंय ते तण आहे. नकाशा करणाऱ्या मुलाची चूक नाही, चित्राची नाही. मी जाऊन बघितलं नाही आणि सही केली. तो भाग लाल करायला हवा, आणि आज करायला हवा.”

मी शेजारी बसलो होतो. साहेब काहीतरी बोलायला लागले. पद्धत, मंजुरी, यावर वेगळं बोलू. ते बोलत असतानाच एका चौकटीतून खाकरल्याचा आवाज आला. तेलंगणाचे गृहस्थ. एवढ्या वर्षांच्या भांडणात त्यांचा आवाज माझ्या ओळखीचा झाला होता.

“सर,” ते म्हणाले, “मलाही माझा एक तालुका परत बघायचाय. उन्हाचा ताण तिथेही होता, आणि नंतर अचानक हिरवा झाला. मीही गेलो नव्हतो.”

मग राजस्थानकडच्या एक बाई म्हणाल्या, त्यांनाही. मग आणखी एक जण. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेवटी म्हणाले, “ठीक आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी बघा. बियाण्याची बैठक मी पुढे ढकलायला सांगतो.”

अक्कांनी माईकवर अंगठा ठेवला आणि मला म्हणाल्या, “अळी त्यांच्याकडूनच आली होती. पण माणूस बरा आहे.”

नंतर जे झालं ते सगळंच काही छान झालं नाही. पायथा लाल झाला. रब्बीसाठी दादर ज्वारीचं आणि हरभऱ्याचं बियाणं आलं, पण उशिराने आलं, आणि सगळ्या गावांना पुरलं नाही. अक्कांकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्यांनी तो एका ओळीत दिला: ‘न बघता सही केली.’ त्यावर परत पत्र आलं की सविस्तर कळवावे. त्यांनी ‘नदीला पाणी होते, पण थांबता आले असते’ एवढं वाढवलं. निवृत्तीआधीच्या त्या शेवटच्या वर्षात त्यांची पुण्याला मोठ्या जागेवर बदली व्हायची होती. ती दुसऱ्याच कुणाची झाली. मला वाईट वाटलं. मी तसं बोलून दाखवलं तर त्या माझ्याकडे नवलाने बघायला लागल्या.

“पुण्यात भरताची वांगी मिळतात का?” त्यांनी विचारलं.

“मिळत असतील की.”

“आपली, हिरवी, मोठी? काड्यांच्या जाळावर भाजून, तेल सोडून, कांद्याच्या पातीबरोबर?”

“ती नसतील.”

“मग?” असं म्हणून विषय संपला. पण त्या संध्याकाळी नवऱ्याला फोन करून त्यांनी आपला रंग सांगितला. मी दारापाशी होतो, मला ऐकू आलं. “पिवळा,” म्हणाल्या. “नाही नाही, होईल हिरवा. दोन दिवस दे.”

हिवाळ्यात आम्ही परत पायथ्याला गेलो. गुजरातला गेलेली काही घरं उघडली होती. म्हातारीच्या वावरात दादर उभी होती. मधे मधे मोकळे पट्टे, पण उभी होती. माझा हात नकाशावर हिरवा भरायला शिवशिवत होता. म्हातारीने अक्कांना लांबूनच ओळखलं आणि त्या जवळ पोचायच्या आत सुरू झाली.

“तुम्हनं बियानं निम्मं उगनं नही. देख. हाई देख, आठे काहीच नही. असं बियानं देतंस का कोनले?”

तिने अक्कांना हाताला धरून प्रत्येक मोकळा पट्टा दाखवला. अक्का मान खाली घालून ऐकत होत्या. चेहरा मात्र लग्नात हळद लागल्यासारखा उजळलेला. अर्धा तास बोलणी खाऊन झाल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “पिवळा लिही.”

“अक्का, लांबून चांगलं हिरवं दिसतंय.”

“तू लांब आहेस का?”

मी पिवळा लिहिला. निघताना म्हातारीने विचारलं, “पुढला साल येशी का?”

अक्का उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हा येईल.”

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिला फारसा भरवसा वाटला नसावा.

त्यानंतर अक्का यजमानांना घेऊन बोदवडला राहायला गेल्या. निवृत्तीचा समारंभ त्यांनी करू दिला नाही, कारण तो ऐन पेरणीच्या तयारीच्या दिवसांत आला असता. आता सही माझी असते. दिल्लीहून फोन आला की माझाही हात चटकन हिरव्याकडे जातो. मी तो आवरतो आणि नानांच्या जागी आलेल्या ड्रायव्हरला गाडी काढायला सांगतो.

मागच्या हिवाळ्यात पायथ्याला गेलो होतो. म्हातारी बांधावर बसली होती. आता तिला वाकवत नाही, गवत तिची सून कापते. मी गेलो की ती दरवर्षी काही ना काही कारणाने रागावते. या वेळी रागावली नाही. तिने विचारलं, “ती कोठे शे? छत्रीवाली?”

मी सांगितलं, तिकडे बोदवडला, घरी.

“तिले सांग,” म्हातारी म्हणाली, “औंदा निम्म्यापेक्षा जास्त उगनं.”

मला ते इतकं आवडलं की रस्त्यातच गाडी थांबवून मी अक्कांना फोन लावला आणि म्हातारीचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. मला वाटलं, अक्कांना भरून येईल. मीही थोडा हळवा झालो होतो.

मग त्यांचा आवाज आला. “निम्म्यापेक्षा जास्त म्हणजे किती?”

“तेवढं तिने सांगितलं नाही.”

“वावरात आत गेलता का?”

“बांधापर्यंत गेलो होतो.”

“मंग मले काय सांगून राह्यला तू? उद्या परत जाय. मधोमध जाऊन पाह्य, आणि मंग फोन कर,” अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो.